गीझर 'डायरेक्ट' करू नका



निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की माझ्या घरचा फोन वाजायला लागतो. "सर, गीझरचं पाणी तापत नाही, थर्मोस्टॅट बदलू का?" आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून ओळखीपाळखीचे लोक विचारतात आणि मीही हौसेने सांगतो. पण पुष्कळदा मी जायच्या आतच काम उरकलेलं असतं. "कालच एकाला बोलावलं होतं. त्याने डायरेक्ट करून दिलं. आता काय कडक पाणी येतंय!" तो 'डायरेक्ट' शब्द कानावर पडला की माझ्या पोटात गोळा येतो. आज मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि ती सगळी मी या एका शब्दावर घालवणार आहे.

डायरेक्ट म्हणजे थर्मोस्टॅट किंवा कटआउट मधून काढून टाकायचा आणि त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून वर चिकटपट्टी गुंडाळायची. पाणी तापतं, अगदी भराभर तापतं. थांबायचं कधी हे सांगणारं मात्र आत कुणी उरत नाही.

भगिनींनो, तुमच्या स्वयंपाकघरातला कुकर डोळ्यांसमोर आणा. झाकणावर शिट्टी असते आणि तिच्या शेजारी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. शिट्टी रोज काम करते. दाब वाढला की उचलली जाते, वाफ सोडते, पुन्हा बसते. गीझरमधला थर्मोस्टॅट म्हणजे ही शिट्टी. पाणी साठ अंशांवर लावलं असेल तर तिथे पोचल्यावर वीज तोडतो, पाणी निवलं की पुन्हा जोडतो. सेफ्टी व्हॉल्व्हचं काम वेगळं. तो वर्षानुवर्षं गप्प बसतो. शिट्टीत डाळीचं साल अडकलं, वाफेची वाट बंद झाली, तरच तो वितळतो आणि उडतो. गीझरमधला कटआउट म्हणजे हा सेफ्टी व्हॉल्व्ह. थर्मोस्टॅट चिकटून बसला आणि पाणी उकळीकडे निघालं की कटआउट टक्कन तुटतो, आणि त्याचं बटण हाताने दाबेपर्यंत पुन्हा जोडला जात नाही. मुद्दामच तशी रचना केलेली आहे, म्हणजे माणसाने तिथे यावं आणि असं का झालं ते पाहावं.

आता मला सांगा, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्या भोकात एमसील भरून तुम्ही कुकर पुन्हा गॅसवर चढवाल का? नाही चढवणार. आधी शिट्टी काढाल, भोकातून फुंकर मारून पाहाल, नवा व्हॉल्व्ह आणाल. 1679 च्या सुमारास देनी पापें या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये कुकरचा आद्य पूर्वज बनवला, आणि त्या भांड्यालाही त्याला जास्तीची वाफ सोडणारी झडप लावावी लागली. जे आपल्याला कुकरच्या बाबतीत पटतं, ते न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेल्या पंधरा लिटरच्या टाकीबाबत का पटू नये? बंद टाकीतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या पुढेही पाणीच राहतं. टाकी फुटली की दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याच्या वाफेला सोळाशे लिटरच्या वर जागा लागते. म्हणून सांगतो, डायरेक्ट करू नका.

माझ्या मावसबहिणीच्या घरी झालेलं सांगतो. थर्मोस्टॅट नवा बसवला होता, माल चांगला होता, वायरी बरोबर होत्या. तरी दोन दिवसांत कटआउट दोनदा तुटला. तिसऱ्या दिवशी कारागिराने "कटआउटच खराब आहे" म्हणून तो डायरेक्ट केला. त्या संध्याकाळी नळातून पाण्याऐवजी वाफेचे फुत्कार यायला लागले आणि गीझरखालचा प्लास्टिकचा पाइप मऊ पडून वाकला. बहिणीने मेन बंद केला म्हणून निभावलं. मी जाऊन झाकण उघडलं. थर्मोस्टॅटला जी बारीक तांब्याची नळी असते आणि तिच्या टोकाला बल्ब असतो, तो टाकीच्या खोबणीत घालायचाच राहिला होता. बल्ब बाहेर हवेत लोंबत होता. त्याला गार हवा लागत होती आणि तो बिचारा वीज चालूच ठेवत होता. कटआउट दोनदा खरं बोलला आणि दोनदा त्याच्यावर खोटेपणाचा आळ आला. कुकरच्या भाषेत सांगायचं तर शिट्टी झाकणावर नव्हतीच, ओट्यावर ठेवलेली होती.

म्हणून थर्मोस्टॅट बदलूनही गाडं अडलं, तर पहिल्यांदा हा बल्ब, किंवा जुन्या पद्धतीची दांडी असेल तर ती, पूर्ण आत गेली आहे का ते पाहा. दांडी असेल तर लांबी जुन्या दांडीइतकीच हवी. त्या दांडीची गंमत अशी की बाहेर पितळेची नळी आणि आत इन्वार नावाच्या मिश्रधातूची कांडी असते. पितळ तापून लांबतं, इन्वार जवळजवळ लांबत नाही, आणि त्या फरकावर बटण चालतं. इन्वार शोधणाऱ्या गियोमला 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्यावर बोलायला आवडलं असतं, पण घड्याळ पुढे चाललंय.

वायरींकडे येऊ. एमसीबी पाडा, प्लग काढा, आणि मगच झाकण खोला. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका. एकही स्क्रू ढिला करण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नंबर घाला. माझे विद्यार्थी सर्रास एक चूक करत. नव्या थर्मोस्टॅटला दोन टोकं दिसली की एकावर फेज आणि दुसऱ्यावर न्यूट्रल लावून मोकळे. अहो, तो साधा थर्मोस्टॅट म्हणजे एक बटण आहे! फेजची एकच वायर मध्ये तोडून तिची दोन टोकं त्याला द्यायची. फेज न्यूट्रल दोन्ही दिलेत तर बटण मिटल्याबरोबर शॉर्ट होणार आणि एमसीबी पडणार. मग लोक काय करतात? एमसीबी मोठा घालतात. हे सुद्धा डायरेक्ट करण्याचंच भावंड आहे.

दुसरी चूक भिंतीतली असते. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. गीझर चालतो, कुणाला पत्ता लागत नाही. पण मग थर्मोस्टॅट न्यूट्रल तोडतो आणि पाणी तापणं थांबलं तरी एलिमेंटवर फेज तसाच बसून राहतो. बोअरच्या जड पाण्याने क्षार साचून एलिमेंटचं कवच तडकलेलं असेल, तर वीज पाण्यात उतरते. अशा वेळी हिरवी अर्थची वायरच तुम्हाला वाचवते, आणि नेमकी तीच "नसली तरी चालतंय" म्हणून मोकळी सोडलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे.

तापण्याचा दिवा लागतो आणि पाणी गारच, तर थर्मोस्टॅटवर संशय घेऊ नका, बहुधा एलिमेंट जळलेला असतो. त्याच्या दोन्ही वायरी सोडवून मल्टिमीटर लावा. दोन हजार वॉटच्या एलिमेंटचा रोध साधारण सव्वीस ओहम दिसला पाहिजे, आणि कुठल्याही टोकाकडून टाकीच्या पत्र्याकडे काहीच दिसता कामा नये. दिवाच लागत नसेल तर सॉकेट तपासा, मग कटआउट. कटआउट तुटलेला सापडला, तर बटण दाबण्याआधी एवढंच विचारा की हा का तुटला? थर्मोस्टॅट चिकटला असेल, टाकी रिकामी तापवली गेली असेल, एखादा स्क्रू ढिला राहून तिथे वायर काळी पडली असेल. दोन हजार वॉटला जवळजवळ नऊ अँपिअर वाहतात, त्यांना ढिला स्क्रू सोसत नाही. कारण सापडेपर्यंत बटण दाबू नका. आणि कारण सापडत नाही म्हणून दोन वायरी... पुढचं तुम्ही म्हणा, मी मघापासून तेच म्हणतोय.

कारागिराला हे सगळं विचारायला संकोच वाटतो, हे मी समजतो. तो घाईत असतो, तुम्हाला ऑफिस गाठायचं असतं. पण निदान एक वाक्य बोला: "दादा, डायरेक्ट नको, पार्ट मिळेपर्यंत आम्ही चुलीवर, नाहीतर गॅसवर पाणी तापवू." चांगला वायरमन या बोलण्याचा राग धरत नाही. माझे विद्यार्थी तर नक्कीच धरणार नाहीत.

वेळ संपत आला, शेवटचं सांगतो. काम झालं की गीझर लगेच चालू करू नका. गरम पाण्याचा नळ सोडा, हवा निघून सलग धार पडू द्या, म्हणजे टाकी भरली. मग नळ बंद करून बटण दाबा आणि तिथेच थांबा. दहा मिनिटं, वीस मिनिटं, जितका वेळ लागेल तितका. तापण्याचा दिवा लागलेला असेल. तो आपला आपण विझायला हवा. विझला, की नळाखाली बोट न धरता आधी बादलीत पाणी घ्या, आणि मग घरातल्या लहान मुलाला आंघोळीला हाक मारा.