आज्ञापत्रामागील माणसे

(कोल्हापूर येथे शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याची सनावळी कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा आदेश, १९१७ चे सक्तीचे प्राथमिक शिक्षण, १९१९ मधील सार्वजनिक ठिकाणच्या अस्पृश्यतेविरुद्धचे हुकूम. परंतु हे हुकूम आचरणात उतरावेत म्हणून स्वतःला पणाला कोणी लावले, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो.

गंगाराम कांबळे हे त्या प्रश्नाचे एक उत्तर होय. ते संस्थानच्या पागेत नोकरीस होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यास साहाय्य दिले. त्यातून भाऊसिंगजी मार्गावर ‘सत्यसुधारक’ हे चहाचे हॉटेल उभे राहिले. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा पिणार कोण? स्वतः महाराज तेथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत, असे कोल्हापुरात आजही सांगतात.

यात महाराजांचे औदार्य दिसते, तसेच गंगारामांचे धैर्यही दिसले पाहिजे. महाराजांची गाडी घटकाभर थांबून निघून जाई. त्यानंतर दिवसभर लोकनिंदेला तोंड देत चूल पेटती ठेवण्याचे काम गंगारामांचे होते.

माणगाव परिषदेचेही तसेच. २१ व २२ मार्च १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली ती भरली, हे पुस्तकात असते. ती आपल्या गावी भरावी म्हणून झटणारे आप्पा दादगोंडा पाटील मात्र अनेकांना अपरिचित आहेत.

शिक्षकांनी यासाठी निराळा अभ्यासक्रम मागण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक धड्यानंतर ‘हे प्रत्यक्षात कोणी केले?’ एवढा एक प्रश्न विचारावा. विद्यार्थ्यांना भाऊसिंगजी मार्गावर न्यावे, माणगाव दाखवावे. गावातील वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात व त्या जुन्या कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात. ग्रामपंचायतींनी आपली दप्तरे त्यांच्यासाठी खुली करावीत.

इतिहास केवळ राजांनी घडविला, असे शिकलेला मुलगा पुढे प्रत्येक सुधारणेसाठी राजाची वाट पाहतो. चहाची किटली घेऊन उभ्या राहिलेल्या माणसानेही तो घडविला, हे ज्याला उमगते, तो आपल्या गावच्या पाणवठ्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. इतिहासाच्या तासाचे खरे फलित तेच होय.