बाथरूमचं काचेचं दार : बाबा आत, मी बाहेर

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? बाथरूममधलं काचेचं दार. पण हे दार मी चुकीचं निवडलं होतं, आणि ती चूक बाबांना भोगावी लागली. म्हणून हा एपिसोड.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला. बाथरूम लहान. शॉवरचं पाणी कमोडपर्यंत उडू नये म्हणून काचेचं दार लावायचं ठरलं. मोबाइलवर फोटो बघितले, दुकानात गेलो आणि एकच प्रश्न विचारला, "कितीला पडेल?" दार बाहेर उघडलं तर बेसिनला लागत होतं, म्हणून काचवाल्याने ते आत उघडणारं बसवलं. मीही "चालेल" म्हणालो.

गेल्या पावसाळ्यात बाबा राहायला आले. एका सकाळी धप्पकन आवाज आला. बाबा घसरून पडले होते आणि गुडघा दाराला टेकलेला. दार ढकलावं तर ते त्यांच्याच अंगावर. वरून चढावं तर काचेवर भार द्यायची भीती. "जोर लावू नकोस रे, पाय अडकलाय," ते आतून सांगत होते. दहा मिनिटं ते मला दिसत होते, पण हात पोचत नव्हता. शेवटी तेच कसेबसे मागे सरकले. मुक्या मारावर निभावलं.

तर पहिला मुद्दा हाच. दार बाहेर उघडलं पाहिजे. तेवढी जागा नसेल तर सरकतं दार घ्या, नाहीतर दार नसलेली नुसती अर्धी काच लावा.

दुसरा मुद्दा, काच टफन्डच हवी. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. फुटलीच तर लांब सुऱ्यांसारखे तुकडे होत नाहीत, बारीक दाणे होतात. आपल्याकडे सेफ्टी काचेसाठी आयएस २५५३ हे मानक आहे. काचेच्या कोपऱ्यात शिक्का बघा आणि "टफन्ड" असं बिलावर लिहून घ्या. एकदा टफन केलेली काच कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून टाइल्स लागल्यावरच माप द्या.

तिसरा मुद्दा वजनाचा. दोन फूट रुंद, साडेसहा फूट उंच आणि ८ मिलिमीटर जाडीचं दार साधारण २४ किलो भरतं. १० मिलिमीटरचं घेतलंत तर ३० किलो, म्हणजे घरातला भरलेला गॅस सिलिंडरच! एवढं वजन दोन बिजागऱ्यांवर लटकतं. त्या ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या किंवा पितळेच्या घ्या आणि भक्कम भिंतीतच बसवा.

आता देखभाल. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर महिन्याभरात काचेवर पांढरे डाग दिसतात. ते पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पाणी काचेवर वाळलं की ते मागे राहतात. उपाय सोपा आहे, अंघोळ झाली की वायपर मारायचा. अर्धा मिनिट लागतो. डाग पडलेच असतील तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवारा, दहा मिनिटांनी पुसून धुवा. फक्त संगमरवरावर व्हिनेगर पडू देऊ नका, त्याची चकाकी जाते. तारेची घासणी नको. आणि अ‍ॅसिडवालं क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

महिन्यातून एकदा बिजागरीचे स्क्रू आणि काचेच्या कडा तपासा. टफन्ड काचेचा जीव तिच्या कडांमध्ये असतो. मधोमध धक्का सोसेल, पण कोपऱ्यावर बादली आपटली तर क्षणात दाणे होतील. कडेला टवका उडालेला दिसला तर "बघू नंतर" करू नका, काच बदला. आणि दाराची मूठ ही आधाराला धरायची जागा नाही. घरात वयस्कर माणूस असेल तर भिंतीत वेगळा दांडा बसवा, खाली रबरी मॅट टाका.

आम्ही सरकतं दार लावलं, दांडाही बसवला. जुन्या दाराचे पैसे पाण्यात गेले, पण त्याचं वाईट वाटलं नाही.

बाबा दिवाळीत पुन्हा आले होते. अंघोळ झाली की स्वतः वायपर मारायचे आणि बाहेर येऊन मला ऐकवायचे, "तू मारत नाहीस, डाग दिसतायत!"

तर आज घरी गेलात की एवढंच बघा, तुमचं दार कुठल्या बाजूला उघडतं? भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!