दोन काठांमधला नावाडी

मालवण तालुक्यांतील मसुरें गांवीं गड नदीच्या एका बाजूस भरतगड आहे, पलीकडे भगवंतगड. पहिला सावंतांचा, दुसरा बावडेकर पंत अमात्यांचा. एकाचा निरोप दुसऱ्याकडे जावयाचा तर मध्यें नावाडी हवा. संगणकांच्या जाळ्यांतहि असा नावाडी कधीं कधीं नेमावा लागतो.

समजा, मसुऱ्याच्या एखाद्या पतपेढीचे हिशेब मुंबईच्या क्लाउडमध्यें आहेत. ॲमेझॉनचें तेथील केंद्र २०१६ सालीं सुरू झालें. खातेदारांस उघडें असलेलें यंत्र १०.०.१.० या सबनेटमध्यें, खातेवह्या १०.०.२.० मध्यें. एकाच खाजगी जाळ्यांतील सबनेटांना क्लाउड आपण होऊन रस्ता देतें. सोय खरी, पण बंधनें सैल असलीं आणि दारावरचें यंत्र चोराच्या हातीं गेलें, तर खातेवह्यांची वाट त्याला मोकळीच. म्हणून मध्यें तिसरें यंत्र तपासनीस म्हणून बसवितात. तें स्वतंत्र यंत्रहि नव्हे. मोठ्या संगणकांतून वेगळा काढलेला वांटा, व्हर्च्युअल मशीन.

प्रथम दोन्ही सबनेटांच्या राउट टेबलांत लिहावयाचें कीं, पलीकडचा माल या यंत्राच्या हातीं द्यावा. ॲमेझॉनकडे जाळ्याच्या आंतल्या आंत अशी वळणवाट २०२१ पासून लिहितां येते. एवढें करून पुष्कळ जण थांबतात. मग पॅकेट जातें, उत्तर येत नाहीं, आणि चूक कोठें झाली याची सूचनाहि उमटत नाहीं.

त्याचें कारण यंत्राच्या शिस्तींत आहे. दुसऱ्याच्या नांवाचें पॅकेट साध्या संगणकानें, मुद्दाम सांगितल्याखेरीज, पुढें धाडूं नये असा इंटरनेटचा १९८९ सालचा नियम आहे. लिनक्समध्यें ‘आयपी फॉरवर्ड’ची किंमत बहुधा ० असते, ती १ करावी, आणि सेटिंगच्या फाइलींत लिहूनहि ठेवावी. नाहीं तर यंत्र पुन्हां सुरू होतांच नावाडी काम विसरतो!

यंत्र राजी झालें तरी क्लाउडचा पहारा उरतोच. पाठविणारा किंवा घेणारा हें यंत्र स्वतः नसेल, तर ॲमेझॉन पॅकेट अडवितें. ही ‘सोर्स-डेस्टिनेशन’ तपासणी त्या एका यंत्रापुरती बंद करावी लागते. अझूरमध्यें नेटवर्क कार्डावर आयपी फॉरवर्डिंग चालू करतात. पहारा जाचक वाटला तरी शहाणपणाचा आहे: त्यामुळें कोणतेंहि यंत्र दुसऱ्याचा पत्ता लावून सोंग आणूं शकत नाहीं. वैतागून सगळ्याच यंत्रांची तपासणी उठविणारे लोक मात्र चोराचेंच काम हलकें करतात.

सर्वांत फसवी ती परतीची वाट. जातांना पॅकेट नावाड्याकडून गेलें आणि उत्तर थेट परतलें, तर निम्मेंच संभाषण ऐकलेला तपासनीस पुढचें पॅकेट संशयानें टाकून देतो. म्हणून तक्ता दोन्ही काठांवर बदलावा, आणि मधल्या यंत्रावर टीसीपीडम्प लावून पॅकेट आंत येतें व बाहेरहि पडतें, हें डोळ्यांनीं पाहावें. शिवाय हें एकच यंत्र बंद पडलें तर पतपेढीची खिडकीहि बंद पडते. त्यासाठीं दुसरें यंत्र तयार ठेवितात, आणि पहिलें थांबतांच राउट टेबलांतील नांव बदलून काम त्याजकडे देतात.