म्हातारपणाची पुंजी आणि म्युच्युअल फंडाची निवड
(पालेगाव, ता. अंबरनाथ येथील शेतकऱ्यांसाठी दिलेले भाषण)



नोकरदाराला निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधीचा आधार असतो. आपले पेन्शन म्हणजे भाताचे खाचर. पण अंबरनाथची कारखानदारी आणि इमारती पालेगावपर्यंत आल्या आणि काही घरांत जमिनीऐवजी रोख रक्कम आली. जमीन दरवर्षी पिकते, रोख रक्कम खर्चली की संपते. म्हणून म्हातारपणाचा वाटा आधी बाजूला काढावा.

भाताची जात आपण जमीन पाहून निवडतो. पाणी न टिकणाऱ्या जागी हळवी, खोल खाचरात गरवी. फंड निवडताना हाती किती वर्षे आहेत ते पाहावे.

१) दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा बँकेच्या मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात ठेवावा.

२) दहा-पंधरा वर्षे लागणार नाही असाच पैसा शेअर फंडात घालावा. त्यांत निर्देशांक फंड समजण्यास सोपा. रक्कम मोठी असल्यास दरमहा थोडी थोडी वळवावी.

३) साठी जवळ येताच शेअरचा वाटा दरवर्षी कमी करावा. कापणीला आलेल्या भातावर पाऊस पडला तर सावरायला वेळ नसतो.

फंडाचा वार्षिक खर्च अवश्य विचारावा. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडात दलालीविना ‘डायरेक्ट’ पर्याय मिळतो. समजा, १ लाख रुपये २० वर्षे ११ टक्क्यांनी वाढले, तर सुमारे ८ लाख ६ हजार होतात. १० टक्क्यांनी ६ लाख ७३ हजार. एका टक्क्याचा फरक १ लाख ३३ हजारांचा! हा केवळ हिशेब आहे, परताव्याची हमी नव्हे.

राष्ट्रीय पेन्शन योजना १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. वयानुसार शेअरचा वाटा आपोआप घटवण्याची सोय तीत आहे. मात्र पैसे मध्येच काढण्यावर बंधने असतात, हे ध्यानात ठेवावे.

केवळ मोठ्या नावावर विसंबू नये. युनिट ट्रस्टची १९६४ सालची यूएस-६४ योजना घरोघरी विश्वासाची होती. तरीही जुलै २००१ मध्ये तिची फेरखरेदी थांबवावी लागली. गेल्या वर्षीचा परतावा पाहूनही भुलू नये. एका पावसाळ्यावरून बियाण्याची परीक्षा होत नाही.

अर्जावर वारसाचे नाव घालावे, कोऱ्या कागदावर सही करू नये आणि कागदपत्रे कोठे आहेत ते घरधनिणीलाही सांगून ठेवावे.