पातीवरचे मेण जपा, करपा रोखा

(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गेल्या रब्बी हंगामात एक वयस्कर कांदा उत्पादक पातीची जुडी घेऊन आमच्या विभागात आले. म्हणाले, "सर, तीन फवारे झाले, तरी करपा हटत नाही. औषध खोटं निघालं का?" पातीवर मध्यभागी जांभळट असे लांबट चट्टे होते. जांभळा करपाच तो. मी विचारले, "काका, पंपात आणखी काय टाकता?" उत्तर आले, "मूठभर कपडे धुण्याची पावडर. औषध चांगलं चिकटतं." त्या मूठभर पावडरीविषयीच आज आपणाशी बोलायचे आहे.

उद्या सकाळी एक प्रयोग करून पाहा. कांद्याच्या निरोगी पातीवर पाणी शिंपडा. पाण्याचे मोती होऊन ते घरंगळून पडतील. आता तीच पात बोटभर लांबीत अंगठ्याने चोळा. वरची पांढुरकी झाक जाईल आणि त्या जागी पाणी पसरून राहील. ही झाक म्हणजे पातीने स्वतः तयार केलेला मेणाचा थर होय.

जांभळा करपा हा अल्टरनेरिया पोरी या बुरशीमुळे होतो. तिच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पात काही तास ओली राहावी लागते. पाणी घरंगळले की बीजाणूही वाहून जातात व पात लवकर सुकते. जे बीजाणू रुजतात, ते पर्णरंध्रांतून, जखमेतून किंवा सरळ त्वचा भेदून आत शिरतात. सरळ शिरणाऱ्यांना मेण आडवे येते. पर्णरंध्रे मात्र उघडीच असतात. म्हणून मेण असले की करपा येतच नाही, असे समजू नये.

मेणाचे कवच तीन कारणांनी दुबळे होते.

१) फुलकिडे : हे पात खरवडून रस शोषतात. खरवडलेल्या जागी बुरशीला वाट मिळते. दर झाडी सुमारे ३० फुलकिडे दिसताच नियंत्रणाचे उपाय योजावेत. निसर्गाची गंमत अशी, की कमी मेणाच्या चकचकीत पातीवर फुलकिडे कमी येतात, पण तीच पात बुरशीला लवकर बळी पडते. तेव्हा नुसत्या वाणावर विसंबू नये.

२) जादा नत्र व ढगाळ हवा : अशा वेळी पात लुसलुशीत वाढते. सूर्यप्रकाश कमी असला की नव्या पातीवर मेणही कमी धरते. नत्राचे वरखत लागवडीनंतर ३० व ४५ दिवसांनी विभागून द्यावे, त्यानंतर देऊ नये. तुषार सिंचन सकाळी करावे, म्हणजे संध्याकाळपूर्वी पात सुकते.

३) साबण व धुण्याची पावडर : यांनी मेणाचा थर विस्कटतो. पूर्ण वाढलेल्या पातीवरचे गेलेले मेण सहसा पहिल्यासारखे भरून येत नाही. आपण औषध मारतो आणि त्याच पंपाने पातीचे कवचही धुऊन काढतो!

आता आपण म्हणाल, मेणावरून पाणी घरंगळते, तसे औषधही घरंगळणारच. शंका रास्त आहे. म्हणूनच शेतीसाठी तयार केलेले चिकट द्रव्य, म्हणजे स्टिकर, वापरावे. मात्रा बाटलीवर दिल्याप्रमाणे, साधारणपणे लिटरला अर्धा ते एक मि.लि. घ्यावी. जास्त घातल्याने जास्त चिकटते हा गैरसमज आहे. जादा मात्रेने द्रावण पातीवरून ओघळून जाते. आधी एका पातीवर थोडे द्रावण फवारून पाहावे. थेंब पसरला, पण ओघळला नाही, तर प्रमाण बरोबर आहे. बुरशीनाशक कांद्यासाठी शिफारस केलेलेच व लेबलवरील मात्रेत घ्यावे.

काकांनी पुढच्या फवाऱ्याला पावडर सोडली, योग्य मात्रेत स्टिकर घेतले आणि फुलकिड्यांचाही बंदोबस्त केला. जुने चट्टे गेले नाहीत, पण नवी पात बरीच स्वच्छ राहिली. त्या काळात हवाही कोरडी झाली होती, त्यामुळे सगळे श्रेय मी घेणार नाही. पावडरीचा खर्च मात्र वाचला, एवढे नक्की.

बंधू-भगिनींनो, पातीवरचे मेण हे बिनपैशाचे पहिले संरक्षण आहे. ते आपल्याच हाताने धुऊन टाकू नका, एवढीच विनंती.