‘वाडा चिरेबंदी’ : प्रतिष्ठेचा हिशेब
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून नाटकाविषयी बोलावयाचे म्हणजे करमणुकीचा विषय, असा समज होणे साहजिक आहे. परंतु महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक आपणांपुढे ठेवण्यात आमचा हेतू निराळा आहे. १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आले. त्यातील घर विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांचे असले, तरी त्याचा उंबरठा आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे.

घरचे कर्ते पुरुष तात्याजी निवर्तले आहेत. थोरला भास्कर घर सांभाळून आहे. मुंबईस नोकरी करणारा सुधीर पत्नीसह येतो. एके काळची सुबत्ता सरली, वाडा ढासळत चालला. उरले आहे ते घराण्याचे नाव. त्या नावाला शोभेल अशी तेरवी घालावयाची, गाव जेवू घालावयाचे, आणि पैसा तर नाही! मृत्यूचे दुःख मागे सरते व खर्चाचा हिशेब पुढे येऊन बसतो.

येथेच आपण हसू लागतो. दारात ट्रॅक्टर आहे. तो शेतात जात नाही, जागच्या जागी गंजत आहे. थकलेली दादी गेलेल्या मुलाला हाका मारते आणि किती वाजले म्हणून पुन्हा पुन्हा विचारते. घरात चणचण असताना वहिनी रात्रीच्या एकांतात घराण्याचे दागिने अंगावर चढवून पाहते. शेवटी सिनेमाच्या वेडाने झपाटलेली रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते, आणि ज्या सोन्यासाठी भावाभावांत कुरबूर चालली होती तेच तिच्याबरोबर जाते! हे ऐकावयास विनोदी वाटते. परंतु नाटकगृहात त्या हसण्याला कढ येतो.

कारण या प्रतिष्ठेचे मोल कोणी दिले? प्रभेने दिले. तिला शिकावयाचे होते. घराने शिकू दिले नाही. चंदूने दिले. तो घरचाच मुलगा, पण पडेल ते काम निमूटपणे उपसणारा गडी होऊन राहिला. मान ज्यांच्या वाट्यास कधी आला नाही, त्यांच्याच पाठीवर तो उभा होता. सोने पेटीत राहिले आणि मुलगी घरात राहिली. पुढे सोनेही राहिले नाही.

गावाला जेवू घालणे ही मूर्खपणाची गोष्ट, असे आमचे म्हणणे नाही. शोकाच्या दिवसांत चार माणसे पंक्तीस बसतात, त्यात मोठा आधार असतो. नाटककारानेही या माणसांची टवाळी केलेली नाही. आईचा सोशिक समजूतदारपणा पाहून मान लवते. परंतु पंगत आधारासाठी वाढली जात आहे की लोक काय म्हणतील या धास्तीने, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्यापैकी अनेकांची गावाकडची घरे अशीच उभी आहेत. त्यांच्यासाठी यापुढे कर्ज काढण्याची वेळ येईल, तेव्हा प्रथम घरातल्या प्रभेला विचारावे, एवढीच आमची विनंती आहे. तिचे नाव आपल्या हिशेबाच्या वहीत आजवर आलेले नाही.