गॉथिक वळणाचीं अक्षरें

जर्मनींतील माइन्झ शहरांत योहान गुटेनबर्ग ह्यानें १४५५ च्या सुमारास बायबल छापलें, तें दाट, उभट आणि टोंकदार अक्षरांत. मठांतील लेखनिक पिसाच्या लेखणीनें जें वळण काढीत, त्याचीच ती प्रतिकृति होती. पुढें ह्याच कुळांतील ‘फ्राक्टुर’ वळण जर्मन ग्रंथांत शतकानुशतकें नांदलें. ३ जानेवारी १९४१ रोजीं नाझी पक्षाच्या मार्टिन बोरमान ह्यानें तीं अक्षरें यहुद्यांचीं असल्याचें परिपत्रक काढून त्यांचा वापर बंद करविला. आरोप निखालस खोटा होता. तरी एका सहीनें तें वळण शाळांतून गेलें आणि आजोबांचीं पुस्तकें नातवांना परकीं झालीं.

आज तीं अक्षरें संगणकावर विनामूल्य मिळतात. ‘युनिफ्राक्टुर मागुंटिया’ हा फाँट गूगल फाँट्सवर ‘ओपन फाँट लायसन्स’ ह्या परवान्याखालीं उपलब्ध आहे. तो उतरवून घ्यावा, वापरावा, बदलावा, इतरांस द्यावा. मात्र नुसता फाँट विकूं नये. इतरत्र ‘फुकट’ ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळदां ‘घरगुती उपयोगापुरतें फुकट’ एवढाच असतो. म्हणून सोबतचा परवाना वाचल्यावांचून तो फाँट धंद्याच्या कामीं लावूं नये.

ज्या श्रोत्यांना मानपत्रासाठीं वा मुखपृष्ठासाठीं हीं इंग्रजी अक्षरें हवीं असतील, त्यांनीं सबंध शब्द मोठ्या लिपींत जुळवूं नये. नक्षींत नक्षी गुंतून वाचतां येत नाहीं. आरंभींचें अक्षर तेवढें मोठें ठेवावें. जुन्या जर्मन मजकुरांत तर ‘एस्’चें एक लांब रूप ‘एफ्’सारखें दिसतें. एवढी खूण ध्यानांत ठेविली, तरी जुनें पान पुन्हां बोलूं लागतें.